मांद्रेचा मुलगा, गुलमर्गचा बर्फ आणि ९१ दिवसांचा हिशेब

हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं ते हिशेबाच्या वहीतून. मी गोव्यात, म्हापशाला लोकांचे हिशेब ठेवतो. ताईच्या घरचेही ठेवतो, कारण भावोजींना पावत्या जपून ठेवायचा भयंकर कंटाळा. मांद्रेला त्यांच्या घरामागे सहा रूम्स आहेत, भाड्याने द्यायच्या सात स्कूटर आहेत, आणि रस्त्याला लागून एक गाळा आहे. तो गेली कित्येक वर्षं एका काश्मिरी शालवाल्याकडे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीझनचा अंदाज मांडत बसलो होतो, तेव्हा भावोजी म्हणाले, "यंदा डिसेंबरपासून एक मुलगा पगारावर धर."

मी म्हटलं, घरचा मुलगा असताना पगाराचा कशाला?

ताई आतूनच म्हणाली, "घरचा चाललाय बर्फात."

त्यानंतर पेडण्याकडच्या आणखी तीन-चार मुलांनी मला हेच विचारलं: हिवाळाभर डोंगरातल्या गावात राहायचं, तिथेच काम करायचं, आणि उरलेल्या वेळात स्नोबोर्ड चालवायचा, हे आपल्याला परवडेल का? म्हणून भाच्याची परवानगी घेऊन सगळं सविस्तर लिहून काढतो आहे. त्याने फक्त नाव घालू नको म्हणून सांगितलं.

मुलगा आणि त्याचं वेड

तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. बी.कॉम. झालेला, पण कॉमर्सचा माझ्या वहीपलीकडे उपयोग नाही असं त्याचं मत. मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर तो काईटसर्फिंग, म्हणजे पतंगाच्या ओढीने लाटांवर फळी चालवणं, शिकला आणि पुढे शिकवायलाही लागला. जानेवारीनंतर तिथे दुपारचा वारा लागतो, तेव्हा त्याची कमाई. मोरजीत रशियन पाहुणे इतके, की मेनूकार्डंसुद्धा रशियन लिपीत असतात. त्यांच्यात वावरून भाचा कामापुरतं रशियन बोलायला शिकला. ह्या भाषेचा पुढे मोठा संबंध आहे.

त्याच रशियनांपैकी काही जण दर वर्षी गोव्यातून थेट गुलमर्गला जात आणि परत येऊन फोनवरचे व्हिडिओ दाखवत. ज्याने लाटेवर फळी चालवली त्याला बर्फावरची फळी खुणावणारच. तसा हा खेळ जन्मला तोही त्याच ओढीतून. १९६५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये शेरमन पॉपेन नावाच्या गृहस्थाने दोन स्की एकत्र जोडून मुलींसाठी खेळणं केलं आणि त्याचं नाव पडलं 'स्नर्फर', म्हणजे स्नो अधिक सर्फ. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकपर्यंत त्या खेळण्याचा पदकाचा खेळ झाला.

भाच्याने मोरजीतल्याच एका परतणाऱ्या रशियनाकडून वापरलेला बोर्ड, बूट आणि बाइंडिंग (बूट बोर्डाला बांधायची पकड) घेतलं, २८,००० रुपयांना. मांद्रेच्या ओसरीवर तो बोर्ड भिंतीला टेकून उभा होता. बाजूला पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या उकड्या तांदळाच्या गोणी. येणारा-जाणारा विचारायचा, "हे कितें?"

अडचण बोर्डाची नव्हती

कुठलंही हिमाचं गाव घ्या, तिथला सीझन डिसेंबर ते मार्च. आपला सीझन ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे बर्फ पडतो तेव्हाच इथे घरात पैसा येतो. मनालीचा वेटर उन्हाळ्यात मनालीत आणि हिवाळ्यात हरमलच्या शॅकमध्ये काम करू शकतो, कारण त्याचे दोन्ही सीझन एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. आमच्या गाळ्यातला शालवाला तेच करतो. त्याचं घर तंगमर्गच्या बाजूला, गुलमर्गच्या तेरा किलोमीटर खाली. दिवाळीच्या सुमाराला तो मांद्रेला येतो आणि एप्रिलात परत जातो. आमच्या मुलाला नेमकं उलट्या दिशेने जायचं होतं.

मी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून आणलं आणि भाच्यासमोर पसरलं. म्हटलं, खूण कर, कधी जाणार, कधी येणार. त्याने १८ डिसेंबरवर फुली मारली. मग नाताळ, नवीन वर्ष, देवळाच्या जत्रेतलं नाटक (त्यात ह्याच्याकडे दुसऱ्या अंकातला इन्स्पेक्टर होता), सगळं ओलांडून बोट १७ मार्चवर थांबलं. ९१ दिवस. ताई काहीच बोलली नाही. तिचं काही न बोलणं मला भावोजींच्या ओरडण्यापेक्षा जड वाटतं.

शालवाला मात्र बोलला. गाळ्याच्या पायरीवर बसून म्हणाला, "डिसेंबरमें जाके क्या करेगा? फरवरीमें जा." मला वाटलं, डिसेंबरात गाळ्याचं गिऱ्हाईक सांभाळायला, पार्सलं पोचवायला भाचा हाताशी लागतो, म्हणून हा अडवतोय. मी ते भाच्याला सांगितलंही. ह्या प्रकरणातली माझी चूक ती हीच, आणि ती नोंदवून ठेवायला हवी.

पर्याय आम्ही पाहिले नाहीत असं नाही. गावातल्या एकाने सुचवलं, पणजोबांची जन्मनोंद काढा, पोर्तुगालचा पासपोर्ट करा, मग आल्प्समध्ये कुठेही काम करता येईल. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांच्या वंशजांना ती वाट आहे, आणि गोव्यात ती घेतलेली घरं गल्लोगल्ली आहेत. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तेव्हा इकडचं सोडावं लागतं. भावोजी म्हणाले, "घसरगुंडीसाठी देश सोडायचा?" विषय तिथेच संपला. कॅनडा आणि जपान इथे जगभरची पोरं सुट्टी-आणि-काम व्हिसावर बर्फात जातात, पण त्या यादीत भारत नाही. राहिलं गुलमर्ग. व्हिसा नको, विमान मोपावरून, वाटेत दिल्ली बदलायची.

बर्फ न पडलेला जानेवारी

कामाची सोय शालवाल्याच्याच ओळखीने झाली. गुलमर्गमधल्या एका लहान हॉटेलाला रशियन बोलणारा माणूस हवा होता. महिना १२,००० रुपये, खाणं-राहणं हॉटेलचं. फोनवर ठरलं, कागदावर काही नाही.

श्रीनगरला उतरल्याबरोबर त्याचा फोन मुका झाला. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. हे कोणीच सांगितलं नव्हतं. दोन दिवस ताईने देव पाण्यात घातले. शेवटी शालवाल्याने भावाला तंगमर्गहून वर पाठवलं, तेव्हा त्या भावाच्या फोनवरून आवाज आला: "आई, मी बरा आहे. पण इथे बर्फ नाहीये."

काश्मीरच्या हिवाळ्यातल्या सर्वांत कडक चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात, २१ डिसेंबर ते ३० जानेवारी. थंडी त्या वर्षीही होती, पण बर्फाला नुसती थंडी पुरत नाही, ढगही लागतात. आपला पाऊस जसा नैर्ऋत्येकडून येतो, तसे तिथले ढग पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येतात. हवामान खातं त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतं. २०२३-२४ च्या हिवाळ्यात ते जवळजवळ महिनाभर आलेच नाहीत. गुलमर्गचा गोल्फ कोर्स, जिथे नवशिके शिकतात, तो जानेवारीत तपकिरी पडला होता. त्याचे फोटो देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. ते मीच भावोजींना दाखवले, आणि दाखवायला नको होते.

पाहुण्यांनी बुकिंगं रद्द केली. हॉटेलमालकाने जानेवारीचा पगार देता येणार नाही म्हणून सांगितलं. खाणं आणि राहणं चालू. भाच्याला राग आला, मलाही आला. पण माझ्या वहीत मांद्रेचे असे कितीतरी जून-जुलै आहेत ज्यांत भावोजींनी माणसं घरी पाठवली. तेव्हा मी फार बोललो नाही. मालकाने फोनवरच्या शब्दाला जागायला हवं होतं, हे मात्र खरंच.

त्या महिन्यात भाच्याने जे केलं ते मला पुढे कळलं. तो बुखारीशेजारी, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीशेजारी, बसून मालकाच्या म्हाताऱ्या आचाऱ्याकडून नून चाय, म्हणजे तिथला खारा चहा, करायला शिकला. त्याला हुमण, म्हणजे आपली माशाची आमटी, करून दाखवलं, कोकम नव्हतं म्हणून चिंचेवर भागवून. स्कीच्या दुकानात फुकट बसून बोर्डाच्या कडांना धार लावणं आणि तळाला गरम मेण ओढणं शिकला. आणि रोज सकाळी खिडकीतून समोरच्या अफरवट डोंगराकडे बघितलं. इकडे नाताळात सहाच्या सहा रूम्स भरलेल्या, पगारी मुलाने दोन स्कूटर आपटल्या, इन्स्पेक्टरचं काम चुलतभावाने पाठ न करता केलं.

फेब्रुवारी

जानेवारीच्या शेवटच्या दिवसांत बर्फ सुरू झाला आणि फेब्रुवारीत धो धो म्हणावा तसा पडला. पाहुणे लोटले. आणि भाच्याच्या लक्षात आलं की आपण मोठी घोडचूक करून बसलो आहोत. त्याची शिफ्ट होती सकाळी ११ ते रात्री ८. गंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारी केबल कार, चालते ती वेळ बहुतेक त्यातच जाते. बर्फ समोर, बोर्ड खोलीत, आणि हा काउंटरवर रूमच्या किल्ल्या देतोय.

इथे मी पहिल्यांदा कामाचं काहीतरी सांगू शकलो. हॉटेलच्या धंद्यात ब्रेक शिफ्ट असते: सकाळी नाश्त्याला चार तास, संध्याकाळी जेवणाला पाच तास, मधली दुपार मोकळी. नोकरांना ती आवडत नाही, कारण दिवस मोडतो. मालकांना आवडते. म्हटलं, तू स्वतःहून माग, नाही म्हणणार नाही. मालकाला विश्वास बसेना की कोणी ब्रेक शिफ्ट मागून घेतो. ५ फेब्रुवारीपासून भाचा ६ ते १० आणि ६ ते ११ काम करायचा, आणि साडेदहाला लिफ्टखाली उभा असायचा.

लाटेवर शिकलेलं बर्फावर किती उपयोगी पडतं? त्याचं उत्तर: तोल आणि नजर कामी येते, पाय नाही. सर्फबोर्डवर पाय मोकळे असतात आणि मागच्या पायाने वळवायचं असतं. इथे दोन्ही पाय बांधलेले, आणि सगळा खेळ टाचेच्या आणि चवड्याच्या कडेवर. उताराकडची कड चुकून बर्फात रुतली की माणूस पाटावर आपटलेल्या कणकेसारखा आपटतो. पडताना हात पुढे जातो, म्हणून नवशिक्यांची मनगटं जातात. त्याचंही गेलं, मोडलं नाही, मुरगळलं. चार दिवस खोलीत पडून. ताईला ते मार्चमध्ये कळलं.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. गंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये झाला, तो कोंगडोरीपर्यंत नेतो. दुसरा २००५ चा, तो अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत. जगभरचे लोक इथे येतात ते ह्या दुसऱ्या टप्प्यासाठी: वर उतरलं की आखलेल्या वाटा नाहीत, नुसता डोंगर. आणि धोका तिथेच आहे. भाच्याने मला तो रव्याच्या उपमेने समजावला. थोडासा बर्फ पडून वर महिनाभर कोरडी थंडी राहिली, की त्या थराचे कण सुटे होतात, रव्यासारखे, एकमेकांना धरत नाहीत. मग त्याच्यावर एकदम तीन-चार फूट नवा बर्फ येतो आणि घट्ट बसतो. म्हणजे रव्यावर ठेवलेली फरशी. माणसाच्या वजनाने ती सुटते आणि अख्खा उतार खाली येतो. बर्फ न पडलेल्या जानेवारीचं देणं फेब्रुवारीत असं वसूल होतं.

२२ फेब्रुवारी २०२४ ला तेच झालं. अफरवटच्या उतारावर हिमस्खलन झालं, परदेशी स्कीयरांचा एक गट त्यात सापडला. एक रशियन दगावला, बाकीच्यांना वाचवलं. खाली त्याच दिवसांत खेलो इंडियाचे हिवाळी खेळ चालू होते, हॉटेल गच्च भरलेलं. भाचा त्या दिवशी वर गेला नव्हता, पाहुणे जास्त म्हणून मालकाने दुपारीही थांबवून घेतलं होतं. रात्री रशियन पाहुण्यांना जेवण वाढताना कोणी बोलत नव्हतं, आणि ह्याची भाषा कामापुरती. काय बोलावं ते त्याला येत नव्हतं.

त्यानंतर तो दुसऱ्या टप्प्यावर एकदाच गेला, गाईडबरोबर, बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा माग देणारं यंत्र), फावडं आणि शोधकाठी भाड्याने घेऊन. बाकी सगळे दिवस कोंगडोरीच्या खाली.

वही काय म्हणते

परत आल्यावर आम्ही दोघे बसलो. बोर्डचे २८,०००. प्रवास २४,०००. गरम कपडे १९,०००. गंडोला, ड्रॅगलिफ्ट (उतारावर ओढत वर नेणारी दोरी), गाईड आणि भाड्याचं सामान मिळून ३१,०००. एकूण १,०२,०००. मिळालेला पगार १८,००० वजा केला तर ८४,०००. इतपत त्याने स्वतःच काढून आणलं होतं, आणि चेहरा समाधानी होता.

मी पुढच्या दोन ओळी लिहिल्या. घरी पगारावर धरलेला मुलगा, ४५,०००. फेब्रुवारी-मार्चमध्ये बुडालेलं काईटचं शिकवणं, ६०,०००. आता १,८९,०००. मग विचारलं, बोर्डवर किती दिवस? त्याने फोनमधून मोजले. फेब्रुवारीत १५, मार्चमध्ये ८. तेवीस दिवस. एका दिवसाला ८,२०० रुपयांच्या वर.

तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. म्हणाला, "मामा, ह्या पैशात मी नोकरी न करता फेब्रुवारीभर राहिलो असतो."

हे अर्धंच खरं आहे, आणि तेव्हा मी ते पूर्ण खरं मानलं. आज तसं वाटत नाही. पाहुणा म्हणून गेलेल्याला कुठला उतार कधी बंद ठेवतात आणि का, हे कळत नाही. कडेला धार लावता येत नाही. तंगमर्गच्या घरात कोणी जेवायला बोलावत नाही. पण ९१ पैकी पहिले ४५ दिवस शुद्ध वाया होते, तेही घरच्या सर्वांत महागड्या पंधरवड्यासकट. पायरीवरून शालवाल्याने सांगितलं होतं तेच.

बोर्डची एक गंमत राहिली. मांद्रेच्या पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या पोलादी कडा लाल झाल्या. खारी हवा, दमट माळा. डोंगरात सीझन संपला की मेणाचा जाड थर देऊन ठेवतात, हे त्याला माहीत होतं, पण गंज इतका लवकर चढेल हे नव्हतं. गणेशचवथीला माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायची, चौकट उतरवायला माळ्यावर गेला, तेव्हा कळलं. दिवसभर घासत बसला होता.

दुसरं कॅलेंडर

त्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियाने भारतीयांसाठी सुट्टी-आणि-कामाचा व्हिसा उघडला. १८ ते ३० वयोगट, वर्षाला १,००० जागा, आधी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर भरून सोडतीत नाव घालायचं. भाचा धावतच म्हापशाला आला. त्याने कालनिर्णय उलटं धरलं होतं, म्हणजे जून वर. ऑस्ट्रेलियाच्या स्नोई पर्वतात बर्फाचा सीझन जूनच्या लांब वीकेंडला सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो. थ्रेडबो आणि पेरिशर ही रिसॉर्ट्स, खाली जिंडाबाइन हे कामगारांचं गाव. नेमके आपले पावसाळ्याचे महिने, शॅक मोडून ठेवलेल्या, रूम्स रिकाम्या. कागदावर इतकं चोख जमलेलं मी क्वचित पाहिलं आहे.

ताईने एकच विचारलं, "आणि चवथ?"

त्याला उत्तर नव्हतं. पुढे ते द्यायची वेळच आली नाही. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० अर्ज गेले होते, ह्याचं नाव आलं नाही. तीस वर्षांपर्यंत नाव घालता येतं, म्हणून तो निवांत आहे. ताईही निवांत आहे, वेगळ्या कारणाने.

मग राहिला तो मधला मार्ग, आणि तो शालवाल्याने आखून दिला. नाताळ, नवीन वर्ष, जत्रा घरी. १५ फेब्रुवारी ते २५ मार्च २०२५ गुलमर्ग, ३९ दिवस. त्याच हॉटेलात, ह्या वेळी १४,००० महिना, ब्रेक शिफ्ट पहिल्या दिवसापासून, आणि फोनवर न ठरवता व्हॉट्सॲपवर लिहून घेतलेलं. पोस्टपेड सिम.

आम्ही सगळे हुशार झालो होतो, आणि बर्फाने पुन्हा पाठ फिरवली. फेब्रुवारीच्या २२ तारखेला सुरू व्हायचे खेलो इंडियाचे खेळ बर्फ नाही म्हणून पुढे ढकलले. भाच्याने पहिले दहा दिवस काउंटरवर काढले. मला फोन करून म्हणाला, "मामा, वही उघडू नको अजून." महिनाअखेरीस बर्फ आला, खेळ ९ ते १२ मार्चला झाले, आणि ह्याला २१ दिवस मिळाले. ह्या खेपेला प्रवास आणि लिफ्ट मिळून ४९,०००, घरी चुलतभावाला दिलेले २०,०००, बुडालेलं शिकवणं ४०,०००, पगार १८,००० वजा. राहिले ९१,०००. दिवसाला साडेचार हजारांच्या आत. पहिल्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर.

आकडा ९१ च आला, ह्यावर भावोजी हसले. दोन वर्षांत ह्या विषयावर ते हसले ते पहिल्यांदा.

परवा चवथीच्या आधी मी मांद्रेला गेलो होतो. माटोळीची चौकट उतरवायला माळ्यावर चढलो, तर बोर्डची पिशवी मध्ये आडवी. बाजूला करताना हाताला काळं लागलं. उघडून बघितलं, दोन्ही कडांवर ग्रीस फासलेलं, स्कूटरच्या चेनला लावतात तेच, वर वर्तमानपत्राच्या पट्ट्या नीट गुंडाळून सुतळीने बांधलेल्या. खाली येऊन भाच्याला म्हटलं, काम छान केलंस. तो म्हणाला, "मी? मी तर मेण लावायचं विसरूनच गेलो होतो."

भावोजी अंगणात स्कूटर पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.